खोडदची जाळी आणि आकाशातली घड्याळं

नवी मुंबईहून कल्याण-मुरबाड करत माळशेज घाट चढला, की आळेफाट्यापुढे नारायणगाव लागतं. तिथून पूर्वेला खोडद. टोमॅटो आणि द्राक्षांच्या या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत, आणि त्यांच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. कारण त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ही जाळी सलग आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात राहिला. ही शक्कल खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. अशा एकूण ३० तबकड्या. १४ मधल्या किलोमीटरभरात, उरलेल्या १६ तीन भुजांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत. सगळ्या मिळून एकच दुर्बीण: जीएमआरटी.

ती उभारताना विश्वाच्या बाल्यावस्थेतला हायड्रोजन शोधायचं मोठं उद्दिष्ट होतं. पण माझ्या मते तिचं सर्वांत देखणं काम स्पंदकांचं आहे. स्पंदक म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात दाबलेलं, आणि दर फेरीला आपल्याकडे येणारा रेडिओचा ठोका. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना जोडीनं फिरणारा असा तारा सापडला. जोडीची कक्षा हळूहळू आक्रसत होती, आणि गुरुत्वीय लहरींमुळे ती जितकी आक्रसावी असं आइन्स्टाइनचं गणित सांगत होतं, तितकीच. पुढे १९९३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

खोडदच्या दुर्बिणीनंही असा एक तारा दिला. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातल्या या स्पंदकाचा शोध फ्रेरे, यशवंत गुप्ता, रॅन्सम आणि ईश्वरचंद्र यांनी २००४ मध्ये जाहीर केला. दर ५ मिलिसेकंदांना एक गिरकी, १८.८ दिवसांची कक्षा, आणि तीही विलक्षण लांबोडकी. अशा कक्षेचा जवळचा बिंदू सापेक्षतावादानुसार सरकत राहतो. त्या सरकण्यावरून जोडीचं एकूण वस्तुमान काढता आलं.

याहून मोठा डाव भालचंद्र जोशी आणि सहकाऱ्यांच्या ‘इन्पीटीए’ या भारत-जपान प्रकल्पाचा आहे: स्पंदकांच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरी पकडण्याचा. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांतून निघणाऱ्या लहरींचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागतात. त्या पृथ्वीवरून जाताना निरनिराळ्या स्पंदकांचे ठोके किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात, सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास. अडचण अशी, की वाटेतले इलेक्ट्रॉनही ठोक्यांना उशीर करतात, आणि कमी कंप्रतेच्या लहरींना फार जास्त: ४०० मेगाहर्ट्झला १,४०० च्या सुमारे बारापट. हा उशीर नेमका मोजून वजा केल्याशिवाय गुरुत्वाकर्षणाबद्दल काहीही बोलता येत नाही. खोडदचं बळ इथे आहे. तबकड्यांचे गट पाडून ही दुर्बीण एकच स्पंदक ३०० ते ५०० आणि १,२६० ते १,४६० मेगाहर्ट्झला एकाच वेळी ऐकते. दिसायला ही साफसफाई. माझ्या लेखी तोच प्रयोगाचा कणा.

२९ जून २०२३ रोजी असंच काम करणाऱ्या युरोपीय गटानं आणि इन्पीटीएनं मिळून २५ स्पंदकांच्या नोंदींवरून अशा लहरींचा पुरावा मांडला; त्याच दिवशी इतर देशांच्या गटांनीही आपापला मांडला. निर्णायक शोध म्हणावा इतका भक्कम तो नव्हता. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार, दोन स्पंदकांमधल्या कोनाप्रमाणे त्यांच्या ठोक्यांचं लवकर-उशिरा येणं कसं जुळावं, याचा एक ठरलेला वक्र आहे. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये तो काढला. लहरींचे जास्तीचे प्रकार मानणाऱ्या पर्यायी सिद्धांतांत वक्राचा आकार बदलतो. म्हणजे स्पंदक वाढले, वर्षं वाढली, की सिद्धांतांची निवड थेट आलेखावर करता येईल.

एक निकाल आधीच लागला आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पृथ्वीवर आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर. दोघांचा वेग जवळजवळ तंतोतंत एकच! गुरुत्वीय लहरींना वेगळा वेग देणारे बरेच सिद्धांत तिथेच बाद झाले. त्या टकरीची रेडिओ-धग जीएमआरटीनंही टिपली. आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगो सेकंदाच्या अंशात हेलकावा पुरा करणाऱ्या लहरी पकडते, खोडद वर्षानुवर्षांच्या. दोन्ही टोकं महाराष्ट्रात असतील.