डेटाबेस अपडेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

“सर्व्हर नीट चालतोय ना, मग हात कशाला लावायचा?” डेटाबेसचा पॅच आला की पुष्कळ ठिकाणी हेच ऐकू येते. सेवा तासभर बंद राहिली तर किती नुकसान होईल, हे कुणीही सांगू शकतो. पॅच न लावल्याचा खर्च मात्र कुणी मांडत नाही.

गैरसमज : अपडेट पुढे ढकलले की खर्च वाचतो.
वस्तुस्थिती : २५ जानेवारी २००३ रोजी ‘एसक्यूएल स्लॅमर’ या वर्मने मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ७५,००० यंत्रे बाधित केली, त्यांतली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएमचे व्यवहार अडले. या त्रुटीवरचा पॅच जुलै २००२ पासून उपलब्ध होता.

गैरसमज : आमचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा नाही, आम्हाला पॅचची गरज नाही.
वस्तुस्थिती : पॅच फक्त हल्ल्यांसाठी नसतात. पोस्टग्रेस १४.० ते १४.३ मध्ये, काम चालू ठेवून इंडेक्स बांधताना तो गुपचूप सदोष होऊ शकत असे. जून २०२२ मध्ये १४.४ आवृत्तीने ही चूक दुरुस्त केली. इथे हॅकरचा संबंधच नव्हता. नुसत्या रोजच्या कामातून क्वेरीची उत्तरे चुकण्याचा धोका होता.

गैरसमज : अपडेट म्हणजे तासन्‌तास बंद.
वस्तुस्थिती : पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्तीत डेटा फाइल्स तशाच राहतात, नवा प्रोग्राम बसवून रीस्टार्ट करायचा. त्याआधी चेकपॉइंट घेतला तर बंद होण्याचा वेळही घटतो. ओरॅकल आरएसीमध्ये अनेक पॅच एकेका नोडवर लावता येतात, बाकीचे नोड काम करत राहतात. मोठी आवृत्ती बदलताना मात्र जास्त तयारी लागते. शिवाय ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी दिली, तरी वर्षाला पावणेनऊ तास हाताशी असतात.

गैरसमज : पॅच आला की त्याच रात्री लावावा.
वस्तुस्थिती : १४ नोव्हेंबर २०२४ च्या पोस्टग्रेस अपडेटमुळे काही एक्स्टेन्शन अडचणीत आली आणि आठवड्याभरातच सुधारित आवृत्ती काढावी लागली. म्हणून आधी चाचणीच्या प्रतीवर पॅच लावावा, बॅकअप प्रत्यक्ष रीस्टोअर करून पाहावा आणि मागे फिरण्याची वाट लिहून ठेवावी. त्रुटीचा गैरवापर सुरू झाल्याची खबर असेल, तर मात्र ही चाचणी तासांत उरकावी. आठवडे घालवू नयेत.

पोस्टग्रेसचे नियमित अपडेट फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. ओरॅकलचे तिमाही सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. वेळापत्रक आधीच माहीत असते. तेव्हा वर्षातल्या चार रात्री आजच ठरवा, ग्राहकांना कळवा आणि व्यवस्थापनाची मंजुरी घेऊन ठेवा. अचानक कोसळलेल्या एका दिवसापेक्षा या चार रात्री नक्कीच स्वस्त पडतील.