सर्पदंशाची जागतिक मोहीम आणि आपली ग्रामसंस्था

मृग लागला म्हणजे शेतकामाबरोबरच सर्पदंशाचें भयही सुरू होतें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नकोच. काशीदसारख्या गांवीं एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास फणसाड अभयारण्याचें रान, आणि मध्यें भातखाचरें व नारळीपोफळीच्या वाड्या. अशा ठिकाणीं मनुष्य व साप यांची गांठ पडणें अटळच आहे. या संकटाविरुद्ध सांप्रत सर्व जगांत एक मोहीम चालू आहे. ती आपल्या उंबरठ्यापर्यंत कोणीं व कशी आणावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

जगांत दरवर्षीं ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसें सर्पदंशानें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशांत २००० ते २०१९ या काळांत वर्षास सरासरी ५८ हजार मृत्यु झाले, असें एका मोठ्या पाहणींत आढळलें. मरणारे बहुतेक खेड्यांतील व शेतावर राबणारे असतात. संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादींत केला, आणि २०३० पर्यंत मृत्यु व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचा संकल्प २०१९ सालीं जाहीर केला. भारत सरकारनेंही मार्च २०२४ मध्यें त्याच हेतूनें राष्ट्रीय कृतियोजना प्रसिद्ध केली. २०१८ पासून १९ सप्टेंबर हा दिवस सर्पदंश-जागृतीसाठीं जगभर पाळण्यांत येतो.

आतां, महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वरून आलेला कागद चावडीच्या भिंतीपर्यंत आपोआप येतो. तेथून घराघरांत मात्र तो आपोआप जात नाहीं. त्यास ओळखीचा मनुष्य लागतो. पोलिओचें उदाहरण घ्या. लस जगाची होती, रोटरीसारख्या संस्थेनें १९८५ पासून तीसाठीं द्रव्य उभें केलें. परंतु बाळाच्या तोंडांत थेंब पडले ते अंगणवाडीच्या बाई व गांवचे स्वयंसेवक यांच्या हातून. जेथें लोकांस संशय होता, तेथें त्यांच्यांतीलच वडीलधारे पुढें झाले, तेव्हां दारें उघडलीं. देशांतील अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, व मार्च २०१४ मध्यें हा प्रदेश पोलिओमुक्त ठरला.

म्हणून बाहेरील संस्था साह्य देऊं लागली, तर स्थानिक संस्थेनें तिचीं चित्रें व पत्रकें केवळ वांटूं नयेत. तीं आपल्या मुलखास जुळवून घ्यावींत. पहिला प्रश्न वेळेचा. १९ सप्टेंबर ही तारीख जगास सोयीची असेल. पण कोंकणांत तोंवर लावणी व बेणणी उरकलेली असते. आपल्याकडे जागृति दोनदां व्हावी: एकदां मृगापूर्वीं, आणि दुसऱ्यांदा भातकापणीच्या तोंडावर, कारण कापणारा वाकून हातानें मूठ धरीत असतो.

दुसरा प्रश्न मजकुराचा. तो थोडा व आपल्या भाषेंत असावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यास चावते. दुखत नाहीं, सूजही फारशी येत नाहीं, म्हणून लोक फसतात. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. नागाच्या व मण्यारीच्या विषानें पापण्या मिटूं लागतात व श्वास कोंडतो. दंश होतांच रोग्यास धीर द्यावा, चालवूं नये; चावलेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा; अंगठी, बांगडी, जोडवें काढावें. आंवळून दोरी बांधणें, जखम चिरणें, विष चोखणें, बर्फ लावणें हीं सर्व घातक आहेत. साप मारून आणण्यांत वेळ दवडूं नये. १०८ क्रमांकास कळवावें, किंवा मिळेल त्या वाहनानें रुग्णालय गांठावें. प्रतिबंधासाठीं रात्रीं बॅटरी व काठी, शेतांत गमबूट, निजावयास खाट व मच्छरदाणी वापरावी. आणि लाकडें, पेंढा व नारळाचीं सोडणें यांचे ढीग घरापासून दूर ठेवावे.

तिसरा प्रश्न भगताचा. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. असा रोगी आपोआप बरा होतो व यश मंत्रास मिळतें. सर्पदंशाच्या रोग्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तथापि केवळ कायद्याचा धाक न घालतां, भगतासच सभेस बोलवावें आणि ‘आधीं रुग्णालय’ हें वाक्य त्याच्याच मुखानें वदवावें. त्यानें जितकें साधेल तितकें शंभर पत्रकांनीं साधणार नाहीं.

कामाची वांटणी अशी असावी. ग्रामपंचायतीनें वाहनांचे व चालकांचे क्रमांक ठळक लिहून लावावे. सहकारी सोसायटीनें गमबूट व बॅटऱ्या एकगठ्ठा आणून हप्त्यानें द्याव्या. बचत गटाच्या भगिनी व आशा सेविका यांनीं घरोघर सांगावें. शाळेनें मुलांकडून प्रथमोपचार करवून घ्यावे. आदिवासी वाड्यांस विसरूं नये. आपल्या शेतावर राबणारे मजूर बहुधा तेथूनच येतात, आणि त्यांच्या पायांत गमबूट असणें ही खातेदाराची जबाबदारी आहे.

परंतु या सर्वांच्या आधीं एक चौकशी अवश्य करावी. प्रतिविष हें घोड्याच्या रक्तापासून तयार होतें, शिरेवाटे द्यावें लागतें, व त्याची ॲलर्जी होण्याचा संभव असल्यानें जाणता डॉक्टर लागतो. सबब जवळच्या आरोग्य केंद्रांत, मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयांत व अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत तें आहे काय, रात्रीं देणारा आहे काय, हें संस्थेनें मृगापूर्वीं लेखी विचारावें. रोग्यास धांवत नेऊन रिकाम्या कपाटापुढें उभें करणें ही जागृति नव्हे.

शेवटीं हिशेब. साह्य देणारी संस्था बहुधा विचारील कीं, पत्रकें किती वांटलीं व सभा किती झाल्या. तें जरूर सांगावें. पण आपल्यासाठीं एक निराळी वही ठेवावी. तींत चारच रकाने असावे: दंशाची वेळ, रुग्णालयांत पोहोंचल्याची वेळ, मध्यें कोठें थांबलें, आणि परिणाम काय झाला. नांव लिहिण्याचें कारण नाहीं. पहिल्या दोन रकान्यांतील अंतर सालोसाल कमी होत गेलें, तर मोहीम खरी. तें तसेंच राहिलें, तर कितीही पत्रकें वांटलीं तरी तीं भिंतीवरच राहिलीं असें समजावें. यंदाचा मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें अशी एक वही घालावी, एवढीच विनंति आहे.