नवीन ऑर्किडवर कीड आहे का? घरच्या घरी कसं ओळखायचं?

नर्सरीतून आणलेलं फुललेलं ऑर्किड टवटवीत दिसतं. पण त्यासोबत लपून आलेली कीड काही आठवड्यांत बाल्कनीतल्या इतर झाडांवर पसरू शकते. म्हणून आधी ही लक्षणं तपासा.

पांढरे पुंजके: पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तो मुळांमध्येही लपतो, त्यामुळे कुंडीच्या आतही पाहा.

तपकिरी ठिपके: नखाने हलकेच खरवडा. ठिपका सुटून आला तर ती बहुधा खवले कीड. नाही सुटला, तर तो पानावरचाच डाग असू शकतो.

पाकळ्यांवर चट्टे: फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे.

पानामागे बारीक जाळी: हा लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नाही. त्यामुळे प्रत्येक कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही.

चिकट थेंब: मावा, पिठ्या ढेकूण असा चिकटा सोडतात. पण ऑर्किडच्या दांड्यावर स्वतःचेही गोड थेंब येतात. कीड दिसत नसेल तर फक्त थेंबांमुळे औषध फवारू नका.

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडल्यास ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. अंडी आणि पिल्लं मागे राहतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा तपासा.

काहीच सापडलं नाही? तरीही नवं झाड ३ ते ४ आठवडे इतरांपासून लांबच ठेवा.