उंदीर वाचला, गिनीपिग मेला असता

पिंपरीत टेल्को किंवा बजाज यायच्या आधी एच. ए. कंपनी आली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागली आणि पुढे टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिनही. ही दोन्ही औषधं माणसापर्यंत पोचली ती दोन वेगळ्या प्राण्यांच्या अंगावरून. त्या प्राण्यांची अदलाबदल झाली असती तर?

२५ मे १९४०, ऑक्सफर्ड. हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ पांढऱ्या उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचला. घसा धरण्यापासून रक्त नासवण्यापर्यंत काहीही करू शकणारा हा जिवाणू. तासाभराने त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. नॉर्मन हीटली रात्रभर पिंजऱ्यापाशी बसून होते. पहाटे चारच्या आत औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते आणि औषध मिळालेले चारही जिवंत!

आता तिथे गिनीपिग असते असं समजा. रोग राहो बाजूला, पेनिसिलिननेच ते दगावले असते. या प्राण्याच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू पेनिसिलिनने मरतात, मोकळ्या जागेत विषारी जातीचे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. उंदराला या डोसाचं काहीच वाटत नाही. फ्लोरींनी गिनीपिग निवडले असते, तर ‘विषारी’ असा शेरा मारून पेनिसिलिन कपाटात गेलं असतं. केवढी मोठी गोष्ट किती लहान जिवावर टेकली होती!

टीबीच्या बाबतीत मात्र फासे उलटे पडतात. उंदीर टीबीपुढे बराच चिवट, आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातींच्या फुप्फुसात माणसासारख्या, मधून सडत जाणाऱ्या गाठी सहसा होत नाहीत. गिनीपिगमध्ये त्या होतात, आणि मोजके जंतूही त्याला पुरतात. म्हणून १९४४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी स्ट्रेप्टोमायसिन पारखलं ते गिनीपिगवर. ‘कोणता प्राणी माणसासारखा?’ हा प्रश्न मला त्यामुळे अर्धवट वाटतो. कशाच्या बाबतीत, हे आधी सांगायला हवं.

गिनीपिगच्या या नाजूकपणाचा सर्वांत चतुर उपयोग केला तो रिचर्ड रायली यांनी. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये त्यांनी टीबी वॉर्डातली हवा नळांतून वर, गिनीपिगच्या पिंजऱ्यांकडे सोडली. रुग्ण आणि प्राणी एकमेकांना दिसतसुद्धा नव्हते, तरी महिन्याला काही गिनीपिगना लागण होत राहिली. टीबी हवेतून पसरतो याचा हा थेट पुरावा. मग रायलींनी तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दुसऱ्या पिंजऱ्यांत सोडली. तिथे एकाही गिनीपिगला टीबी झाला नाही.