खणांत मोजलेलं घर

भवानीनगरला हंगामात उतरलं की आधी मळीचा वास येतो, मग उसाच्या गाड्यांची रांग दिसते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. इथे जुना वाडा पाहायला कुणी येत नाही; त्यासाठी एकीकडे बारामती आहे आणि दुसरीकडे इंदापूर. तरी या मुलखातल्या थोरल्या घरांची गोष्ट मला इथून सांगावीशी वाटते. असं घर कुणाच्या खांद्यावर उभं राहतं, ते इथे उसाच्या फडात डोळ्यांनी दिसतं.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा. नाईक म्हणजे जोशी घराणं, सावकारी पेशाचं. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजींना दिलेली, म्हणजे पेशव्यांशी सोयरीक. आणि खुद्द बाजीराव बाबूजींचे कर्जदार. 1740 मध्ये बाजीराव गेले तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर बाबूजींनी पेशवाईवरच हक्क सांगितला. शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना दिली, पण पैशाच्या जोरावर एक सावकार तिथपर्यंत पोचला होता. याच नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत राहिले, आणि ‘आर्याभारत’ लिहिणारा हा पंडित कवी आयुष्यभर बारामतीचाच होऊन गेला. 1794 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही बारामतीतच.

सावकाराचं घर, म्हणून त्याला बुरूज. आमच्याकडचा वाडा बाहेरून काही दाखवत नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर जाड भिंत, रस्त्याकडे खिडकी नाहीच किंवा असली तर उंचावर. दरवाजाला दिंडी, वाकूनच आत जायचं. दाराआड भिंतीत एक चौकोनी भोक दिसतं. त्यात हात घालून पाहावा, कोपरापर्यंत सहज जातो. हे अडसराचं घर. दिवसा अख्खा ओंडका भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा, दिवे लागले की ओढून दाराला आडवा घालायचा. त्या भोकाच्या कडा लाकडाच्या घासणीने गुळगुळीत होतात. रोज दोनदा, पिढ्यान् पिढ्या. ओढणारा हात घरधन्याचा क्वचितच असे.

देवडी ओलांडली की चौक, भोवती सोपा, त्यामागे माजघर. उजेड आणि वारा चौकातून. वाड्याचं माप मात्र खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि तुळईला जेवढं लाकूड मिळेल तेवढा तो रुंद. ‘किती खणांचं घर?’ असं विचारलं की ऐपत कळायची. या भागात पाऊस बेताचा, म्हणून साध्या घरांवर आणि वाड्यांच्या मागच्या अंगाला सपाट माळवद चालायचं: कड्यांवर किलच, त्यावर पाला, चिखल आणि शेवटी पांढरीची माती. ती पाणी खाली झिरपू देत नाही, उन्हाळ्यात घर गार ठेवते. पण दर वर्षी मृगाच्या आत नवी माती पसरून चोपावी लागते. मला या बांधणीचं मनापासून अप्रूप आहे. शंभर कोसांवरून काही आणलेलं नाही, आणि जे आहे त्याचा गुण ओळखून वापरलेला.

पण दगड वडाराने फोडला, तुळई सुताराने घडवली, रात्रीचा पहारा रामोशाने दिला आणि महाराला दिंडीच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. वाड्याचं कौतुक करताना हे वगळलं तर अर्धंच घर पाहिलं.

हे अर्धं दूरच्या एका थोरल्या घराशेजारी ठेवून पाहिलं की जास्त स्पष्ट होतं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात उसाच्या पैशावर उठलेला एक महाल आहे, ओक अ‍ॅली. 1837 ते 1839 या काळात बांधलेला. आमचा वाडा आत वळलेला, तर हा सगळा बाहेर मांडलेला: चहूबाजूंनी 28 खांब, रुंद व्हरांडे आणि मिसिसिपी नदीकडे जाणाऱ्या वाटेवर 28 ओक. ऊन दोन्हीकडे भाजणारं; त्यांनी सावली घराभोवती गुंडाळली, आपण ती मध्ये कोंडली. तिथला ऊस गुलामांनी लावला, तोडला, उकळला. त्यांच्यातल्याच आंत्वान नावाच्या माळ्याने 1846 च्या सुमारास पेकन या झाडाचं कलम यशस्वी केलं, आणि ते करणारा माणूस कायद्याने मालकाची मालमत्ता होता. त्याच राज्यातला व्हिटनी मळा 2014 पासून संग्रहालय म्हणून खुला आहे आणि तिथे गोष्ट गुलामांच्या बाजूने सांगतात. आपल्या एखाद्या वाड्यात अशी गोष्ट ऐकायला मिळावी, ही माझी जुनी इच्छा आहे.

आपल्याकडे ऊस आला तो पाटाच्या पाण्याने. 1876 च्या दुष्काळानंतर भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा यांचं काम निघालं, 1885 मध्ये कालव्याला पाणी सुटलं आणि बारामती-इंदापूरचा कोरडा माळ भिजू लागला. सासवडचे माळी खाली सरकत आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस पिकवू लागले. मग कळंबजवळ वालचंद हिराचंदांचा मोठा मळा आणि साखर कारखाना उभा राहिला, ते वालचंदनगर. साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळी, मैलोगणती एका मालकाचा ऊस. लुइझियानाच्या मळ्याच्या सर्वांत जवळ आपण इथे गेलो होतो. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे सुटले आणि 1963 मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे गेले.

भवानीनगरचं वेगळेपण इथेच आहे. इथे थोरलं घर कुणा एकाचं नाही. धुराडं हाच बुरूज, आणि मालक सभासद शेतकरी. दोन एकरवाल्याला वजनकाट्यावर ताठ मानेने उभं राहता आलं, ही छोटी गोष्ट नव्हे, आणि ती सहकाराने घडवली.

फडात मात्र चित्र तेवढं बदललेलं नाही. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. ही गुलामी नव्हे, पण उचल फिटेपर्यंत पाय मोकळा नसतो. इथला हिशोब कोयत्यांचा: नवरा-बायको मिळून एक कोयता. घर खणांत मोजावं तशी माणसं अवजारात मोजलेली. पहाटे चुलीवर भाकरी थापून बाई फडात जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि तिचं नाव हिशोबाच्या वहीत बहुधा नवऱ्याच्या कोयत्यात बुडालेलं असतं.

त्यांचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कमानी वाकवून वर चटई किंवा ताडपत्री, कडेला पाचटाचा आडोसा. एक खण म्हणावा एवढीच जागा, त्यात संसार, शेळी आणि आजारी पोरही. दाराला अडसर नाही, कारण दारच नाही.

आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते, बेलवाडीला रिंगण होतं, तेव्हा कोप्या कधीच उठलेल्या असतात. पहिल्या पावसात तिथे तण उगवतं. त्यात तीन-तीन दगड काळे पडलेले दिसतात, ओळीने, एकेका कोपीच्या जागी.