चार देशांची एक तांते

हॉलंडच्या नैर्ऋत्येला झेलंड नावाचा प्रांत आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबातील पाच भावंडांपैकी चौघांनी १९५०च्या दशकात देश सोडला. दोघे भाऊ कॅनडात गेले, एक ऑस्ट्रेलियात आणि धाकटी बहीण लग्न होऊन न्यूझीलंडला. आईवडिलांचे म्हातारपण सांभाळायला मागे राहिली ती थोरली. तिचे लग्न राहूनच गेले. सगळी भाचरे तिला ‘तांते’ म्हणत. आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांना डच भाषेत हा एकच शब्द आहे.

दुसऱ्या महायुद्धाने हा देश खिळखिळा झाला होता. राहायला घरे नव्हती आणि एका शेतावर चार मुलांचे पोट भरणे कठीण होते. पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी तर १९५०च्या नववर्षाच्या भाषणात, काही लोकांनी परदेशात भविष्य शोधण्याचे धाडस करावे, असे सांगितले. जाणाऱ्यांना सरकार खर्चातही मदत करी. युद्धानंतरच्या वीसेक वर्षांत सुमारे पाच लाख माणसे गेली.

दोघे भाऊ १९५२ मध्ये ऑन्टारिओला पोहोचले. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्राचे बांध फुटले आणि हॉलंडमध्ये १८३६ माणसे दगावली. भावांना बातमी रेडिओवरून कळली. घरचे वाचले की नाही, हे मात्र तांतेचे पत्र येईपर्यंत बारा दिवस कळले नाही. त्या पत्रात रडारड नव्हती. कोण वाचले, कोण गेले, किती गाई बुडाल्या, एवढेच ओळीने लिहिले होते. खाऱ्या पाण्याने शेत नासले, म्हणून तिसरा भाऊही ऑस्ट्रेलियाला निघाला.

त्यानंतर दर रविवारी दुपारी तांते कार्बन घालून पत्रे लिहायला बसू लागली. कोणाचा वाढदिवस तिच्याकडून कधी चुकला नाही. डच घरांत वाढदिवसांचे एक खास कॅलेंडर असते. त्यावर वार नसतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षे चालते. ते टांगतात कुठे, तर संडासात! रोज नजर जाते ना, म्हणून. डिसेंबरमधल्या सिंटरक्लासच्या सणाला प्रत्येक मुलाच्या नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट द्यायची पद्धत आहे. तांतेची पार्सले जहाजाने जात, म्हणून ती सप्टेंबरपासूनच तयारीला लागे.

खरी कसोटी लागली ती वडिलांची जमीन विकल्यावर. वाटणीवरून कॅनडातल्या दोन भावांत अबोला झाला. वीस मैलांवर राहणारे हे दोघे नऊ वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. तांते दोघांनाही लिहीत राहिली. एकाने दुसऱ्याबद्दल केलेली तक्रार तिने कधी पुढे पाठवली नाही, पण पुतण्याला गोवर निघाल्याची बातमी मात्र लगेच पोस्टात पडे. निरोप पोहोचवण्याची हौस असलेल्या आपल्याकडच्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावे. नवव्या वर्षी थोरल्याच्या मुलीच्या लग्नाला धाकटा स्वतःहून गेला.

एव्हाना मुले डच विसरत चालली होती. परदेशी गेलेल्या डच कुटुंबांत इंग्रजी फार लवकर शिरली. आपली पत्रे आता भाऊ वाचून दाखवतात, मुले स्वतः वाचत नाहीत, हे कळल्यावर छप्पन्नाव्या वर्षी तांतेने इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. तिच्या इंग्रजी पत्रांत चुका असत. ऑन्टारिओतली एक भाची लाल शाईने त्या दुरुस्त करून पत्र परत पाठवी. तांते रागावली तर नाहीच, पुढची पत्रे दोन ओळींच्या मध्ये जागा सोडून लिहू लागली. तीच भाची आज ही सारी हकिकत सांगते.

तांते १९९१ मध्ये वारली. चार देशांतल्या सगळ्यांचे पत्ते फक्त तिच्याकडेच होते. कळवायचे कसे, या काळजीत शेजारणीने टेबलाचा खण उघडला. आत करड्या कडेची त्रेचाळीस पाकिटे होती, डच लोक मृत्यूची वार्ता कळवायला वापरतात तशी. प्रत्येकावर तांतेच्या अक्षरात पत्ता होता. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये वेगळे बिऱ्हाड केलेल्या भाच्याचाही. शेजारणीने फक्त तिकिटे लावली.