बिल कशाने वाढलं?

मे महिन्याचं वीजबिल हाती पडलं की घरात खटला सुरू होतो. कुणी एसीला धरतं, कुणी मीटरला, कुणी रात्रभर चालणाऱ्या पंख्यांना. बिलावर युनिटचा एकच आकडा असतो. त्यातले फ्रिजचे किती, गिझरचे किती, हे तिथे लिहिलेलं नसतं. मग अंदाजाने नवा एसी घेतला जातो आणि बिल जवळपास तेवढंच राहतं.

हा अंदाज संपवून प्रत्यक्ष मोजमाप करणं म्हणजे एनर्जी ऑडिट, अर्थात ऊर्जा परीक्षण. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली मोठ्या वीजग्राहक उद्योगांना ते करून घ्यावंच लागतं. त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ‘बीईई’, परीक्षा घेऊन ऊर्जा परीक्षक प्रमाणित करते. घरांना अशी सक्ती नाही, त्यामुळे घरमालकाला ते कधी सुचतही नाही.

चांगला परीक्षक आधी वर्षभराची बिलं मागतो. थंडीत आणि उन्हाळ्यात किती फरक पडतो, यावरूनच त्याला बरंच कळतं. मग तो घरातली सगळी बटणं बंद करायला लावून मीटरपाशी उभा राहतो. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी जाते आहे. कधी ती इन्व्हर्टरची असते, कधी प्लगला तसाच राहिलेल्या सेट-टॉप बॉक्सची, तर कधी जुन्या वायरिंगमधली गळती असते. थर्मल कॅमेऱ्यातून पाहिलं की फ्यूजबोर्डातला सैल जोड तापलेला दिसतो. त्याने बिल थोडंच वाढत असेल, पण आग अशाच जोडातून लागते. एवढी एक गोष्ट वेळेत सापडली तरी ऑडिटची फी वसूल झाली असं समजावं.

पंख्याचा हिशोब साधा आहे. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो. रोज 15 तास चालला तर महिन्याला सुमारे 34 युनिट होतात. ब्रशलेस डीसी मोटरचा, म्हणजे ‘बीएलडीसी’ पंखा 30 वॉटच्या आसपास घेतो, त्याचे होतात साडेतेरा. म्हणजे तीन पंखे बदलले की महिन्याला साठेक युनिट वाचतात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट आधी तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. दिवसातून तासभर लागणाऱ्या पंख्याच्या बाबतीत मात्र नव्या पंख्याचा खर्च भरून यायला फार वर्षं जातील. कोणता पंखा बदलायचा आणि कोणता ठेवायचा, हे वापर नोंदवल्याशिवाय ठरत नाही.

सोसायटीच्या सामाईक बिलात खरा खादाड बहुतेकदा पाण्याचा पंप असतो. दहा हजार लिटर पाणी 30 मीटर उंच चढवायला निव्वळ 0.8 युनिट ऊर्जा पुरते. पंप आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी दीड-पावणेदोन युनिट पुरायला हवेत. तेवढ्याच पाण्याला तीन-साडेतीन युनिट लागत असतील, तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे, झिजला आहे, किंवा मोटर पुन्हा पुन्हा रिवाइंड करून तिचा दम गेला आहे. हे पाहायला पाण्याचा प्रवाह आणि पंपाची वीज एकाच वेळी मोजावी लागते. नुसत्या आवाजावरून ‘पंप ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर सोसायटीने विसंबू नये.

सध्या छतावर सौर पॅनल बसवण्याची लगबग आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. योजना चांगलीच आहे, पण क्रम चुकतो. आधी गळती थांबवावी, पंखे आणि पंप सुधारावेत, मग उरलेल्या वापराएवढा संच घ्यावा. वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनल घेणं म्हणजे फुटक्या टाकीला दुसरा नळ जोडणं.

काही विक्रेते ‘मोफत ऑडिट’ करून देतात आणि शेवटी स्वतःचीच वस्तू सुचवतात. तेव्हा परीक्षकाला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: बीईईचं प्रमाणपत्र आहे का, कोणती उपकरणं आणणार, आणि अहवालात प्रत्येक सुधारणेचा खर्च व तो वसूल होण्याचा काळ लिहून देणार का. सोसायट्यांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि बारा महिन्यांची बिलं आजपासूनच एका फाइलीत लावून ठेवावीत.